विश्लेषण : फ्लॉरेन्स पाहून आलात, औंध पाहिलेत का?

युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात इटलीतील फ्लॉरेन्सचा एक दिवस बहुधा असतोच. सकाळी गाइडच्या छत्रीमागे चालत उफित्सी कलादालन, मग मायकेलअँजेलोचा डेव्हिड, दुपारी बाजारात उभ्या उभ्या काहीतरी खाणे आणि संध्याकाळी पुन्हा बस. परतल्यावर मोबाइलमध्ये चारशे फोटो असतात. एकेकाळी सावकारी करणाऱ्या मेदिची घराण्याने चित्रकार आणि शिल्पकार पोसले, त्यामुळे ते शहर जगाला ठाऊक झाले, हेही गाइडने सांगितलेले असते.

कोरेगावहून रहिमतपूरमार्गे तासाभराच्या अंतरावर खटाव तालुक्यातील औंध आहे. तिथल्या डोंगरावरील एका दगडी इमारतीत राजा रविवर्मा आहे, पहाडी लघुचित्रे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचे एक शिल्पही आहे. हे सारे जमवणाऱ्या राजाचे संस्थान इतके लहान होते की नकाशावर त्याचे तुकडे शोधावे लागत. तरीही त्याने हा संग्रह पुण्या-मुंबईत न ठेवता एका खेड्याच्या डोंगरावर का ठेवला? हे समजून घ्यायचे तर त्याचे चरित्र वाचावे लागते, आणि ते वाचण्याची सोपी रीत म्हणजे एक दिवस काढून ती वाट चालणे.

कोण होते बाळासाहेब?

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म २४ ऑक्टोबर १८६८, निधन १३ एप्रिल १९५१. औंध संस्थानचे अखेरचे राजे. आज त्यांची ओळख प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी सांगितली जाते. एक म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार आणि दुसरी म्हणजे १९३९ मध्ये आपली सत्ता आपणहून प्रजेच्या हाती देणे. पण ते चित्रकारही होते, कीर्तनकारही होते, ग्रंथकारही होते. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गादीवर बसलेल्या या माणसाचे निम्मे आयुष्य राजा होण्याची फारशी शक्यता नसताना गेले होते, हे त्यांच्या चरित्रात महत्त्वाचे आहे.

वाट किन्हईपासून का सुरू करायची?

कारण घराणे तिथले. कोरेगाव तालुक्यातील किन्हई हे पंतप्रतिनिधींचे मूळ गाव. गावच्या कुलकर्ण्याच्या घरात १६६० मध्ये जन्मलेले परशुराम त्र्यंबक पुढे छत्रपती राजाराम आणि महाराणी ताराबाई यांच्या काळात मोगलांशी चाललेल्या झुंजीत पुढे आले आणि प्रतिनिधीपदापर्यंत पोहोचले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या वतीने काम पाहणारा, अष्टप्रधानांच्याही वरचा मान. गावच्या दप्तरात लेखणी चालवणाऱ्या घराला तलवारीने मिळवून दिलेले हे स्थान होते.

किन्हईत आजही या घराण्याचा वाडा उभा आहे आणि गावाजवळच्या डोंगरावर साखरगडनिवासिनीचे, म्हणजे यमाईचे मंदिर आहे. कोरेगावकर नवरात्रात तिथे जातात, पण वाड्याकडे वळतातच असे नाही. सकाळी लवकर निघालात तर आधी डोंगर चढून घ्या आणि उतरल्यावर वाडा बाहेरून नीट पाहा. आत शिरण्याआधी परवानगी विचारावी, हे सांगायला नको. कुलदैवत डोंगरावर आणि माणसे पायथ्याशी, ही किन्हईची मांडणी लक्षात ठेवा. औंधला हीच मांडणी पुन्हा दिसते, फक्त तिथे देवी आणि गाव यांच्या मध्ये एका राजाने चित्रांचे घर बांधले आहे.

गादी त्यांच्याकडे कशी आली?

बाळासाहेब हे श्रीनिवासरावांचे धाकटे चिरंजीव. साताऱ्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि बी. ए. झाले. त्या काळी एखाद्या संस्थानिकाच्या मुलाने विद्यापीठाची पदवी घेणे नित्याचे नव्हते. पुढे वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानचे चिटणीस म्हणून काही वर्षे काम केले. १९०१ मध्ये वडील वारले. गादी थोरल्या भावाकडे आणि त्यांच्या पश्चात पुतण्याकडे गेली. १९०९ मध्ये इंग्रजांनी पुतण्याला बाजूला केले आणि नोव्हेंबरमध्ये बाळासाहेबांना बसवले.

म्हणजे गादी मिळाली तीही परक्या सरकारच्या मर्जीने. जे मर्जीने मिळते ते मर्जीने जातेही, हे त्यांनी स्वतःच्या घरातच पाहिले होते. पुढे तीस वर्षांनी त्यांनी सत्ता सोडताना जो सहजपणा दाखवला, त्यामागे ही आठवण असावी असा या लेखकाचा कयास आहे.

संस्थान तरी केवढे? ७२ गावे, सुमारे १,३०० चौरस किलोमीटर, आणि तेही सलग नाही. औंधचा भाग इथे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या पट्ट्यात आणि गुणदाळ तर आजच्या कर्नाटकात. एका ठाण्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये इंग्रजांचा मुलूख ओलांडावा लागे. बहुतेक जमीन कोरडवाहू. दुष्काळ पाचवीला पुजलेला. मेदिचींकडे पेढ्या होत्या. इथे शेतसारा होता, आणि पाऊस चुकला की तोही नव्हता.

तुटपुंज्या तिजोरीतून काय केले?

किन्हईहून औंधकडे जाताना कोरेगाव आणि रहिमतपूर लागते. जुन्या काळी औंधला येणारे पाहुणे रेल्वेने रहिमतपूर स्थानकावर उतरत आणि तिथून पुढे वाहनाने जात. या वाटेवरून कोण कोण गेले याची यादी पाहिली की संस्थानच्या आकाराशी तिचा मेळ बसत नाही.

त्यांतले एक लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात त्यांचा लोखंडी नांगरांचा छोटा कारखाना होता. नगरपालिकेच्या योजनेत जागा गेली आणि ते उघड्यावर आले. त्यांची बाळासाहेबांशी ओळख होती. राजाने त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे रान. १९१० मध्ये तिथे वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास सांगताना तिला वगळता येत नाही. योगायोग असा की त्याच १९१० साली फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात डेव्हिडची प्रतिकृती उभी राहिली. मूळ पुतळा १८७३ मध्येच संग्रहालयात हलवला होता. चौकात फोटो काढून समाधानाने परतणाऱ्या अनेकांना हे कळत नाही.

दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. व्यवसायाने चित्रकार, व्यासंगाने वेदांचे अभ्यासक. त्यांच्या लेखनामुळे इंग्रज सरकारचा त्यांच्यावर डोळा होता. औंधने त्यांना आसरा दिला. १९१८ च्या सुमारास ते तिथे आले, स्वाध्याय मंडळ उभारले आणि जवळपास तीस वर्षे तिथून वेदवाङ्मय छापत राहिले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर औंधच्या या चित्रमय वातावरणात वाढले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिसाव्या दशकाच्या अखेरीस पुढच्या शिक्षणासाठी युरोपात गेले. त्यांच्या तिथल्या शाळांपैकी एक फ्लॉरेन्सची कला अकादमी होती. पुढे ते महाराष्ट्राचे कला संचालक झाले. औंध ते फ्लॉरेन्स ही वाट आज सहलवाले विकतात, पण ती आधीच एकाने चालून ठेवली आहे.

तिसरी गोष्ट पुण्याची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरले. देशभरातील हस्तलिखिते ताडून शुद्ध पाठ निश्चित करण्याचे हे काम अवाढव्य होते. १९१८ मध्ये त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे बाळासाहेबांनी मान्य केले. रक्कम हप्त्यांनी द्यायची होती, पण लहान संस्थानिकासाठी ती छोटी नव्हती. शिवाय या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः चित्रे काढली. खंडांच्या मुखपृष्ठावर संपादकांबरोबर चित्रकार म्हणून औंधच्या राजाचे नाव आहे. काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा बाळासाहेबांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

सूर्यनमस्कार केव्हापासून?

औंध गावात शिरलात की शाळा दिसते. इथे सूर्यनमस्कारांची गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी बाळासाहेब युरोपातील प्रसिद्ध पहिलवान सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करीत. त्याची साधने आणि पुस्तके मागवून त्यांनी दहाएक वर्षे ती तालीम केली. मग १९०८ मध्ये मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते व्रत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

घरच्या अंगणातला हा व्यायाम त्यांनी संस्थानच्या शाळांत आणला. त्यावर पुस्तके लिहिली. १९३६ मध्ये अडुसष्टीच्या उंबरठ्यावर ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांची कांती आणि चपळाई पाहून लंडनच्या वृत्तपत्रसृष्टीत कुतूहल निर्माण झाले. त्यातून १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. जगभरच्या योगवर्गांत आज जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसाराचा इतिहास लिहिणारे अभ्यासक औंधपाशी थांबतात ते यामुळे.

एक गोष्ट मात्र नमूद करावी लागेल. शाळेत नमस्कार सक्तीचे होते. पहाटे उठून घाम गाळण्यात राजाला आनंद होता म्हणून प्रत्येक पोरालाही असेल असे नाही. प्रजेचे हित आपल्याला प्रजेपेक्षा अधिक कळते, असे मानणाऱ्या पालक-राजांच्या पिढीतले ते होते. त्यांच्या चांगुलपणाची ही दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण याच औंधच्या शाळेने गरीब मुलांना दार उघडले. साने गुरुजी परिस्थितीमुळे शिक्षणासाठी इथे येऊन राहिले होते. माणदेशातून आलेले ग. दि. माडगूळकरही इथे शिकले. संध्याकाळी गावात राजा स्वतः कीर्तनाला उभा राहतो आणि सकाळी तोच चित्र काढतो, हे पाहत वाढलेल्या मुलांच्या मनावर काय उमटले असेल, हे त्यांच्या पुढच्या लेखनावरून ज्याने त्याने ठरवावे.

गाणेही इथे होते. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, औंधचे दरबारी गायक. त्यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत उत्सव औंधमध्ये आजही होतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी गायनात आणि व्हायोलिनवादनात नावाजले. सहल उत्सवाच्या दिवसांत आखता आली तर रात्र तिथेच काढावी.

संग्रहालयात काय पाहायचे आणि कसे?

गावामागच्या मूळपीठ डोंगरावर यमाईचे मंदिर आहे. चढावर मध्येच श्री भवानी चित्रसंग्रहालय लागते. १९३८ मध्ये ते सुरू झाले. इमारत बांधताना चित्रांवर नैसर्गिक उजेड नीट पडेल याचा विचार केला गेला. दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना आत डोळ्यांना न खुपणारा उजेड असतो. भाविकांची रांग देवीकडे जाते. तिच्या वाटेतच दालने आहेत. बाळासाहेबांच्या मनातला प्रेक्षक कोण होता, हे या जागेवरून कळते. मुंबईतील कलासमीक्षक इथे वाट वाकडी करून येईल, पण पौषातील यात्रेला बैलगाडीने येणारा कुणबी इथून जाणारच होता. देवीला नारळ वाहून उतरताना त्याने रविवर्मा पाहावा, अशी ती योजना होती.

आता पाहण्याचा क्रम. सगळे एका फेरीत पाहायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. पहिल्यांदा रविवर्म्याच्या चित्रांपाशी थांबा. त्यांतली ‘सैरंध्री’ विसरू नका. विराटाच्या राजवाड्यात दासीच्या वेषात राहणारी, कीचकाकडे पाठवली जाणारी द्रौपदी. कथा सगळ्यांना माहीत असते, म्हणून आपण चित्राकडे नीट पाहत नाही. चेहऱ्यावरची भीती, अंग चोरून घेणे आणि पाय उचलत नसतानाही जावे लागणे, हे सारे तेलरंगात आहे. महाभारताच्या आवृत्तीसाठी लाख रुपये देणाऱ्या राजाला हे चित्र का हवेसे वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

मग म. वि. धुरंधर. आणि त्यानंतर खुद्द बाळासाहेब. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले, त्यातली सगळी चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. खरे बोलायचे तर चित्रकार म्हणून ते रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या पंक्तीत बसत नाहीत. त्यांची माणसे कधी कधी नाटकाच्या पडद्यापुढे उभी केल्यासारखी वाटतात. पण चित्र काढणारा माणूस चित्र विकत घेतो तेव्हा त्याची नजर निराळी असते. किंमत पाहून नव्हे, हात पाहून तो घेतो. या संग्रहातल्या चांगल्या गोष्टींचे श्रेय त्या नजरेला आहे. आणि सामान्य गोष्टींचेही, कारण आपल्या आश्रयाला असलेल्या माणसाचे काम राजाला कौतुकाने भिंतीवर लावावेसे वाटे.

लघुचित्रांसाठी वेगळा वेळ ठेवा. पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची मालिका हे या संग्रहाचे खरे वैभव. अर्जुनाचे तप आणि शिकाऱ्याच्या रूपात आलेला शंकर ही कथा हिमालयाच्या कुशीतील चित्रकारांनी तळहाताएवढ्या आकृत्यांत रंगवली. ही चित्रे दूरून पाहून उपयोग नाही. काचेजवळ जा, मुलांना पुढे उभे करा आणि एका झाडाची पाने त्यांना मोजायला लावा. मोजता मोजता ती पाहायला लागतात.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. बाळासाहेब चित्रकारांना घेऊन लेण्यांत जात, नकला करवून घेत. वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये त्यांनी पुस्तके लिहिली. याच्या जोडीला युरोपातील गाजलेल्या चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. जाणकार इथे नाक मुरडतात. नकला कशाला पाहायच्या, असे त्यांना वाटते. पण १९३८ साल आठवा. औंधच्या आसपासच्या माणसाला अजिंठा दूर होता, मग रोम आणि फ्लॉरेन्सचे नावच नको. रंगीत छपाई महाग, सिनेमा तालुक्याच्या गावी. त्या माणसाला जग दाखवायचे तर नक्कल हाच मार्ग होता. आज तुमच्या हातातल्या फोनवर उफित्सीतील चित्र बोटाने मोठे करून पाहता येते, तेही नक्कलच असते.

शेवटी हेन्री मूर. विषय आई आणि मूल. रविवर्म्याच्या गुळगुळीत, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रियांमधून इथे आलात की दचकायला होते. चेहरा जेमतेम, अंग म्हणजे दगडाचे गोलवे. तरी आईने मुलाला धरले आहे हे कळायला सूचनाफलक लागत नाही. १९३० च्या दशकात मूर हे इंग्लंडातही सर्वमान्य नाव नव्हते, लोक हसत असत. पौराणिक चित्रे काढणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या राजाच्या संग्रहात हा दगड यावा, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही. इथे घाई करू नका. बाजूने फिरून पाहा.

हस्तिदंत आणि चंदनातले कोरीव काम, हस्तलिखिते, ग्रंथालय हेही आहे. त्याला दुसरी फेरी लागेल. संग्रहालय राज्य सरकारच्या ताब्यात आहे, त्यामुळे निघण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार आणि वेळ विचारून घ्यावी. बंद दारापाशी पोहोचण्याएवढा हा चढ हलका नाही.

मधल्या वेळी खायचे काय?

फ्लॉरेन्सच्या लोकांना बाकीचे इटालियन घेवडाखाऊ म्हणून चिडवतात. तस्कनी प्रांतात घेवड्याचे दाणे, ऑलिव्हचे तेल आणि बिनमिठाचा पाव हे गरिबाचे जेवण होते. आता तेच पर्यटकांच्या पानात महाग होऊन येते.

कोरेगावकरांनी यावर हसायचे कारण नाही. आपला वाघ्या घेवडा त्याच कुळातला. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून हे नाव. तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार, देऊर, पळशीच्या बाजूला खरिपात तो पेरतात. जेमतेम सव्वादोन-अडीच महिन्यांत पीक हाती येते. कोरेगावच्या या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर भारतात तो राजमा म्हणून खपतो. मूळ दोघांचेही एकच. हा घेवडा अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर समुद्रमार्गे जगभर पसरलेला. त्यामुळे मेदिचींच्या शहरातला घेवडा आणि कोरेगावचा घेवडा हे एकाच घरातून दोन दिशांना दिलेल्या लेकींसारखे आहेत.

तेव्हा सहलीला जाताना घेवड्याची आमटी डब्यात न्यावी, काळ्या मसाल्याची, थोडी दाटच, म्हणजे सांडत नाही. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याचा म्हाद्या. बाळासाहेबांच्या आरोग्यविचारात व्यायामाइतकीच साध्या, सकस आहाराला जागा होती, तेव्हा त्यांचीही हरकत नसावी. गोड हवे तर साताऱ्याचे कंदी पेढे आहेतच. ते मात्र डोंगर उतरल्यावर खावेत.

राजाने राज्य का सोडले?

जेवून गावात वाड्याजवळ बसलात की पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३८ मध्ये देशभरातील संस्थानांत प्रजेची आंदोलने पेटली होती. बहुतेक संस्थानिक लाठ्या आणि इंग्रज रेसिडेंट यांच्या आधाराने ती दाबत होते. सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी उलटे पाऊल टाकले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्ड आणि बॅरिस्टरी करून नुकतेच परतले होते. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते गांधीजींच्या विचारांनी भारावून औंधच्या कामात आले होते. राज्य प्रजेला द्यायचे ठरले तेव्हा हे लोक सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली.

जानेवारी १९३९ मध्ये ती जाहीर झाली. आधार ग्रामपंचायतीचा. गावाने पंच निवडायचे, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून विधिमंडळ. महसुलाचा वाटा गावाकडे राहावा आणि न्यायनिवाडा जमेल तितका गावातच व्हावा. अप्पासाहेब पंतप्रधान झाले. राजा राहिला तो नामधारी. संस्थानिकाने आपल्या हयातीत, कोणी मानगूट धरलेली नसताना अधिकार सोडण्याचे असे उदाहरण दुर्मीळच. हा औंधचा प्रयोग म्हणून ओळखला जातो आणि त्यावर अभ्यासकांनी पुस्तके लिहिली आहेत.

सगळे सुरळीत झाले असे मानू नये. पैसा नव्हता, शिकलेली माणसे थोडी, गावांत जुनी भांडणे आणि जातीची उतरंड. कागदावरची पंचायत आणि चावडीवरची पंचायत यांत अंतर होतेच. पण आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची जी वसाहत त्या वर्षी उभी राहिली, ती कागदावरची नव्हती. फ्रिडमन यांच्या पुढाकाराने गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तिथे भिंती आणि साखळ्यांशिवाय ठेवले गेले. त्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे. कैदी पळून जातील ही भीती साहजिक होती. ही खुली वसाहत आजही आहे. १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे मूळ या प्रयोगात आहे. कथा औंधच्या शाळेत शिकलेल्या माडगूळकरांची होती.

१९४२ नंतर कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना जो आसरा मिळाला, त्यातही ही हद्द औंध संस्थानची असल्याचा उपयोग झाला. इंग्रजांच्या पोलिसांना तिथे थेट घुसणे सोपे नव्हते. राजाने बंदूक हाती घेतली नाही, पण हद्दीच्या आत काय चालू आहे याकडे पाहण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते.

मग हा संग्रह इथेच कसा राहिला?

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले आणि १९७० च्या दशकात काही वर्षे इटलीतही होते. बाळासाहेबांनी विलीनीकरणानंतर तीन वर्षांनी डोळे मिटले.

त्या काळात किती संस्थानांतील चित्रे, दागिने, हस्तलिखिते लिलावात गेली, वारसांत वाटली गेली, परदेशी पोहोचली, याची गणती नाही. फ्लॉरेन्सवरही अशी वेळ आली होती. मेदिची घराण्यातील शेवटच्या आना मारिया लुईसा हिने १७३७ मध्ये करार केला. त्यानुसार घराण्याचा सारा कलासंग्रह नव्या राज्यकर्त्यांकडे जाणार होता, पण शहराबाहेर काहीही न्यायचे नाही, या अटीवर. ती १७४३ मध्ये वारली. आज उफित्सीपुढे जी रांग लागते, ती त्या एका अटीमुळे.

औंधला असा गाजलेला करार नाही. पण चित्रे गावातल्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर, त्यांच्यासाठीच बांधलेल्या घरात आधीच लावून झाली होती. राजवाड्याच्या खासगी दिवाणखान्यात ती असती तर वाटणीत निघाली असती. सार्वजनिक संग्रहालयातली वस्तू हलवणे अवघड. राजेपण जाण्याच्या दहा वर्षे आधी ती इमारत उघडली होती आणि विलीनीकरणानंतर ती संग्रहासकट सरकारकडे आली.

पावसाळ्याच्या अखेरीस एका कामाच्या दिवशी आम्ही गेलो होतो, तेव्हा दालनात आमच्याशिवाय एकच कुटुंब होते. यमाईला नवस फेडायला आलेले. आजी खाली बसून होत्या, सून मुलाला मूरच्या शिल्पापुढे उभे करून फोटो काढत होती. हे कोणाचे आहे, असे तिने पहारेकऱ्याला विचारले. त्याने नाव सांगितले आणि सोबत, कोणी न विचारता, राजा दर सकाळी नमस्कार घालीत असे हेही सांगितले. परत निघताना ती आजींना शिल्पापाशी घेऊन गेली.

औंधहून रहिमतपूरकडे जाणारी एसटी संध्याकाळी लवकर चुकते. स्वतःचे वाहन नसेल तर चार वाजता डोंगर उतरायला लागा.